बॅटरी कोण उतरवतं?

२१ जुलै, सोमवार

ही वही खरं तर ह्यांच्या व्यायामाची नोंद ठेवायला आणली. डॉक्टर म्हणाले, रोज हात किती उचलला, पावलं किती टाकली, लिहीत जा. दोन दिवस लिहिलं. तिसऱ्या दिवशी पेनातून माझीच कटकट बाहेर पडायला लागली. म्हटलं, पडू दे. व्यायामाला दुसरी वही आणू.

तर आजची कटकट. मिरजेला फिजिओथेरपी उरकली, ह्यांना चाकाच्या खुर्चीतून गाडीत बसवलं, दादासोनं किल्ली फिरवली आणि गाडी नुसती टकटक करून गप्प. सेल्फ घेईना. दोन वॉर्डबॉय आणि एक चहावाला यांनी धक्का मारला तेव्हा कुठे सुरू झाली. हे आत बसून हसत होते. अर्धांगानं उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं, पण हसणं जसंच्या तसं शाबूत. म्हणे, "हेडबाईंची… गाडी… गैरहजर." बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून काढली, आणि नवऱ्याला माझी किंमत ही!

"बाई, बॅटरी उतरलीया," दादासो म्हणाला. म्हटलं, ते मलाही दिसतंय.

२५ जुलै, शुक्रवार

नवी बॅटरी बसवली. जुनीला तीन वर्षं झाली होती. दुकानदार म्हणाला, आयुष्य संपलं. संपलं तर संपलं, धक्का मारायची कटकट तरी गेली.

घरी येताना दादासो म्हणाला, "बाई, त्या इष्टीकरच्या मागं कायतरी तांबडं दिसतंया. जरा कड उचलून बघू का?" स्टिकर म्हणजे णमोकार मंत्राचा, चंदेरी कागदाचा, पंचकल्याणक पूजेत मिळालेला. स्टिअरिंगमागच्या दिव्यांच्या काचेवर मीच चिकटवलाय. ह्यांना पट्टा बांधला की गुदमरतं, आणि पट्टा नसला की तिथे एक तांबडा दिवा डोळे वटारून बसतो. म्हणून नेमका त्याच्यावरच चिकटवला. गाडीत मंत्र आला आणि दिवा झाकला, दोन्ही कामं एकात. मी सांगितलं, "तो पट्ट्याचा दिवा आहे. मंत्राला बोटसुद्धा लावायचं नाही, अविनय होतो." त्यानं लगेच हात मागे घेतला.

एवढं मात्र खरं, माणूस ऐकतो. म्हसवडकडचा धनगर, बाप-आजा मेंढरांमागे फिरलेले, पण ह्याच्या गाडीत बसून मी वाचू शकते. दोन वर्षं झाली आमच्याकडे. आवारातल्या खोलीत एकटा राहतो, बायको बनाबाई गावी असते.

४ ऑगस्ट, सोमवार

नवी बॅटरी दहा दिवसांत उतरली. नवी! दुकानदारानं तपासली आणि म्हणाला, बॅटरीत खोट नाही, गाडी बंद असताना कोणीतरी काहीतरी चालू ठेवतंय. "ड्रायव्हर लोक टेप लावून बसतात, मॅडम."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही आत असतो तेव्हा दादासो गाडीतच बसतो. गेल्या आठवड्यात मी लवकर बाहेर आले तर त्याच्या मोबाईलची वायर गाडीत खुपसलेली आणि धनगरी ओव्या चाललेल्या. मोबाईलवर होत्या की टेपवर, तेव्हा लक्ष दिलं नाही. आता जसजसं आठवतेय तसतशा टेपवरच होत्या असं वाटतंय.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मीटर… लावून… बघ." म्हटलं, मीटर कशाला, मला डोळे आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

प्रयोग केला. इतकी वर्षं मुलांकडून करून घेतले, आज स्वतः केला.

काल राखीसाठी रहिमतपूरला भावाकडे जाऊन आलो. लांबचा पल्ला, तरी दादासोनं दिवस मावळायच्या आत घरी आणलं. सूर्यास्तानंतर आम्ही जेवत नाही, मावळतीआधीचं जेवण म्हणजे अंथऊ, हे त्याला आता पाठ झालंय, "बाई, अंथऊ गाठायचा हाय" म्हणून भावाकडे मलाच घाई करत होता. उतरल्यावर किल्ली नेहमीसारखी त्यानं व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवली. मी ती गुपचूप काढून माझ्या कपाटात ठेवली. आज सकाळी फिरवली, तर पहिल्या फटक्यात सुरू!

निष्कर्ष उघड आहे. किल्ली माझ्याकडे, तर बॅटरी ठणठणीत. किल्ली खिळ्यावर, तर बॅटरी खलास. उद्यापासून परत खिळ्यावर ठेवून बघते.

ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. छताकडे बघत म्हणाले, "एकदाच? एकदाच केलेला प्रयोग… तू वहीतून… फाडायचीस." आजारी माणसाशी मी वाद घालत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

पकडला. किल्ली दोन दिवस खिळ्यावर होती आणि आज सकाळी गाडी ढिम्म.

आवारात शेजारच्या दोघी होत्या, दूधवाला होता. असू देत म्हटलं, ऐकू देत. विचारलं, "दादासो, उकडतं म्हणून गाडीत एसी लावून झोपतोस की नाही?"

"न्हाई बाई."

"टेप लावतोस?"

"न्हाई. गाणी फोनवर लावतो."

"मग बॅटरी काय भूत येऊन उतरवतंय?"

तो म्हणाला, "बाई, बिरोबाची आन घिऊन सांगतो, गाडी बंद केल्यावर मी आत कशालाबी हात लावत न्हाई." म्हटलं, "देवाला मध्ये आणू नकोस. मेंढरं राखणाऱ्याच्या हातात गाडी दिली ही चूक माझीच."

हे वाक्य लिहिताना पेन जरा थांबलं. पण बोलले ते बोलले. पुराव्यानिशी बोलले.

त्यानं काच पुसायला घेतली होती. उरलेली अर्धी पुसून पुरी केली, फडकं पिळून वाळत घातलं, किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि पिशवी घेऊन निघून गेला. ह्यांनी खिडकीतून त्याला हात केला, डावा. त्यानं बघितलं की नाही माहीत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

मिरजेहून सुंदरीवन्संचा फोन. त्यांच्या शेजारच्या डॉक्टरांना ड्रायव्हर हवाय, दादासो तिथे गेला होता आणि त्यानं आमचं नाव सांगितलं. "तुझ्याकडे होता ना गं, कसा आहे?"

मी म्हटलं, "गाडी छान चालवतो हो वन्सं. पण विश्वासाचा नाही."

खरं सांगायला नको का? उद्या त्यांच्या गाडीचं काही झालं तर बोल आपल्यालाच.

दुपारी परत फोन. डॉक्टरांनी त्याला नको म्हणून कळवलं. गावी गेला म्हणे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून मीच चालवतेय. लायसन होतं, सवय नव्हती. अंकली फाट्याकडून आलेल्या ट्रकनं हॉर्न दिला की मी गाडी थेट कडेला घेऊन थांबवते.

आज सकाळी गाडी बंद. किल्ली आठ दिवस माझ्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

ह्यांनी माझ्या कमरेच्या किल्लीकडे नुसतं बोट केलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

बॅटरीच खराब निघाली असणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते. निदान इथे तरी.

सिद्धूला बोलावलं. त्याचं मिरज रोडला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. आल्या आल्या पाया पडला. माझाच विद्यार्थी निघाला, नववीत नापास केलेला. म्हटलं, बॅटरी बदलून दे बाबा. तो म्हणाला, "थांबा की बाई, आदी मीटर लावू."

मीटर. ह्यांनी तीन आठवड्यांपूर्वी सांगितला होता तोच.

धक्का मारून गाडी सुरू केली आणि बॅटरीवर मीटर धरला. "चौदाच्या आसपास पायजे. साडेबारालाच अडकलाय. डायनॅमो नीट चार्ज करीना." मग गाडी बंद केली, दारं लावली, बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. "अॅमीटर एकसरीत जोडायचा, तुमीच शिकवलंय बाई," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. सगळं बंद, तरी अर्ध्या अँपिअरच्या वर करंट चाललेला. एकेक फ्यूज काढत गेला. एसीचा काढला, आकडा तसाच. टेपचा काढला, तसाच. शेवटी अल्टरनेटरची, म्हणजे त्याच्या भाषेत डायनॅमोची, जाड वायर सोडवली आणि आकडा धपकन शून्यापाशी आला.

"डायोड गेलाय बाई. गाडी हुबी ऱ्हायली की बॅटरी ह्याच्यातनं उलटी रिकामी हुती. चालताना भरत बी न्हाई नीट. लांबचा पल्ला मारला तर दुसऱ्या दिवशी घेईल एकांदवेळ."

रहिमतपूर. माझा प्रयोग.

मी विचारलं, "म्हणजे गाडीत कोणी बसून…?"

"कुणी बसायची गरजच न्हाई."

मग त्यानं विचारलं, "पर बॅटरीचा दिवा लागला असंल की तुमाला. तांबडा. लागल्याबिगर ऱ्हायचा न्हाई." मी म्हटलं, नाही लागला. त्यानं वायरी परत जोडल्या, धक्का मारून गाडी सुरू केली आणि वाकून बघितलं. पोर्चच्या सावलीत स्टिकरच्या कडेनं तांबडी रेघ दिसत होती. बोट पुढे केलं आणि मंत्र बघून मागे घेतलं. "तुमीच काढा बाई."

मी नखानं काढला. अर्धा फाटला. खाली दोन दिवे शेजारी शेजारी पेटलेले, एक पट्ट्याचा, दुसरा बॅटरीचा, अधिक-उण्याच्या खुणांसकट. पाचवीच्या पोराला कळला असता.

दादासोला कळला होता. त्यानं मला विचारलं होतं. त्या दिवशीचं पान आत्ता उलटून वाचलं, माझ्याच अक्षरात आहे, "एवढं मात्र खरं, माणूस ऐकतो." त्याच्याखालीच मेंढरांचं. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

सिद्धूनं अल्टरनेटर काढून नेला, परवा बसवतो म्हणाला. हे विचारत होते काय झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पंडितजी तासभर क्षमेवर बोलले. दरवर्षी मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावते. आज खांबामागे बसले.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. रोज. होऊ नये असं वाटतं.

३० ऑगस्ट, शनिवार

आज आर्जव धर्म. सरळपणा. दादासोचा नंबर काढला, तीन वेळा कापला. चौथ्यांदा रिंग गेली आणि तिकडून "हॅलो, बाई?" ऐकू आलं. मी फोन बंद केला. साठी उलटलेली बाई मी, शाळेत खोड्या काढणाऱ्या पोरासारखी फोन बंद केला.

वन्संनाही काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर काय सांगायचं, मुख्याध्यापिकेला दिवा दिसला नाही?

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावाणी, वर्षभराची क्षमा मागायचा दिवस. सकाळी दरवर्षीचा मेसेज तयार केला. मन, वचन, कायेनं कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा, खाली जोडलेले हात. दोनशे चौदा जणांना गेला. त्यात दादासोही घातला. गेल्यावर हलकं वाटलं. त्याचं उत्तर आलं, नुसते जोडलेले हात.

ह्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, मागितली क्षमा.

ह्यांनी शब्द जुळवले. "सगळ्यांना… तोच… पाठवलास?"

"हो."

"डॉक्टरांच्या बायकोला… पण?"

तिला तर आधी. वन्संकडून तिच्यापर्यंत गेलेलं माझं बोलणं मी खोडलेलं नाही, आणि जोडलेले हात मात्र तिलाही पाठवले. फोन पालथा ठेवला. दिवसभर उत्तरं येत होती, "उत्तम क्षमा, मॅडम, आपण किती मोठ्या मनाच्या." वाचवेना.

११ सप्टेंबर, गुरुवार, म्हसवड स्टँड

विट्याच्या गाडीची वाट बघत लिहितेय. कालचं सगळं.

वन्संना ह्यांच्यापाशी बसवलं आणि सांगितलं, रहिमतपूरला जाऊन येते. निघतानासुद्धा खोटं. गाडी घेतली नाही. त्या गाडीतून त्याच्या दारात उतरायचं धाडस नव्हतं, एस.टी.नं गेले. म्हसवडहून पुढे रिक्षा, आणि शेवटचा तुकडा पायी. पोचायला साडेचार झाले.

दादासो मेंढरांच्या वाड्याला काट्यांचं कूड घालत होता. भावाची मेंढरं राखतोय. मला बघून हात झटकत उठला. "या बाई. सायेब बरं हायती न्हवं?" पहिला प्रश्न हा.

बनाबाई दारात उभी होती. ती काही या म्हणाली नाही. "आमच्या मानसावर आळ घेतला ती बाई हीच व्हय?"

"गप गं," दादासो म्हणाला.

"गप का? खरं हाय ते."

मी हात जोडले. वाटेत बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "दादासो, डायनॅमो गेला होता. तुझा काही दोष नव्हता. तू दिवा दाखवत होतास, मी बघू दिलं नाही."

"मला वाटलंच हुतं बॅटरीचा आसंल."

"मग काढला का नाहीस रे तो कागद? मी नसताना काढून बघायचास!"

"आवं, तुमचा मंत्र त्यो. तुमी नगं म्हनला हुता. हात कसा लावू?"

बनाबाई म्हणाली, "ह्यांनी तुमचा द्येव मानला. बिरोबाची आन घातली तर तुमी आमचा न्हाई मानला."

मी खाली बसले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. रडण्यानं आपणच बिचारे ठरतो, हे पोरींना मीच सांगायचे. तरी रडले. दोघं थांबली माझं होईपर्यंत. कोणी समजूत घातली नाही, ते बरं झालं.

डोळे पुसून म्हटलं, मी काय करू सांगा. बनाबाई बोलली. "मिरजंच्या त्या ताईस्नी फोन लावा. हितं, आमच्या म्होरं. तवा जे बोलला ते आता उलटं बोला."

रेंज फक्त वाड्याच्या टोकाला, बाभळीखाली. तिथे जाऊन उभी राहिले. दोघं माझ्याकडे बघत, मागे मेंढरं.

"पोचलीस का गं रहिमतपूरला?" वन्संचा आवाज.

"वन्सं, मी रहिमतपूरला नाही. म्हसवडजवळ दादासोच्या घरी आहे. त्याच्याबद्दल माझा जरा गैरसमज झाला होता…"

"गैरसमज न्हवं," बनाबाई म्हणाली. हळूच, पण स्पष्ट.

मी थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं खोडली, आज माझं खोडलं गेलं, आणि बरोबर खोडलं गेलं. म्हटलं, "वन्सं, मी दादासोवर आळ घेतला. चारचौघांत, घाण शब्दांत. तो खोटा होता. गाडीत बिघाड होता, त्याचा दिवा मीच झाकला होता, आणि कळल्यावरसुद्धा मी सतरा दिवस गप्प बसले. विश्वासाचा तो आहे. मी नव्हते. डॉक्टरांना हे आजच सांगा. असंच सांगा, माझ्या नावानं."

मग लांबून ह्यांचा आवाज, "दादासोला… दे."

दादासोनं फोन दोन्ही हातांनी धरला. "व्हय सायेब… व्हय, बरा हाय… हात कुठवर जातोय आता? खांद्यापतूर?" आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "खांद्यापतूर जातोय म्हनं!"

मला माहीत नव्हतं. ज्याच्यासाठी ही वही आणली ते मला माहीत नव्हतं.

परत चल म्हणायला तोंड नव्हतं, तरी म्हटलं. "न्हाई बाई. राग न्हाई माझा. पर त्या खिळ्यावरची चावी घ्यायला आता माझा हात जायचा न्हाई." मी मान हलवली.

निघायला उठले तर दादासो आभाळाकडे बघून बायकोला म्हणाला, "दिस मावळायच्या आत वाढ त्यास्नी. कांदा-लसूण घालू नगं. पानी फडक्यानं गाळ. आन् ताक नगं, डाळीसंगं चालत न्हाई त्यांच्यात."

बनाबाईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आत जाऊन चूल पेटवली. बाजरीची भाकरी आणि मटकीचं कालवण. तिनं वाढलं. मी सगळं संपवलं. सूर्य अजून हातभर वर होता.

मुक्काम तिथेच केला. सकाळी निघताना बनाबाईनं पाण्याची बाटली भरून दिली, गाळून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

व्यायामाची वेगळी वही आणली. पहिली नोंद, उजवा हात, खांद्यापर्यंत, सहा वेळा.

दादासो सोमवारपासून डॉक्टरांकडे लागला, वन्संनी कळवलं. आज मिरजेला दवाखान्याच्या फाटकात मी आत वळत होते आणि डॉक्टरांची गाडी बाहेर निघत होती. सुकाणूवर तो. मी नजर खाली घातली, तर माझ्या स्टिअरिंगमागच्या काचेत बॅटरीचा दिवा विझलेला, त्याच्याभोवती स्टिकरचा चिकट डाग. वर बघितलं.

आधी त्यानं हात केला. शेजारी बसलेल्या ह्यांनी उजवा हात उचलून उत्तर दिलं, खांद्याच्याही वर. माझे दोन्ही हात धडधाकट. उचलायला मला ह्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला.